पडली की पाडली

"उठो."

शामराव गजभियेंनी शिट्टी तोंडातून काढली आणि पुन्हा सांगितलं, "उठो बेटा, हो गया."

रुचा उठली नाही. पेनल्टी बॉक्सच्या आत, गोलपासून दहाएक पावलांवर, उजवा घोटा दोन्ही हातांनी धरून ती कुशीवर पडली होती. तिच्या संघातल्या मुली "पेनल्टी, सर, पेनल्टी" करत शामरावांभोवती गोळा झाल्या. मलिहाबादच्या संघाची पिंकी, जी रुचाला अडवायला धावली होती, ती दोन्ही हात वर करून उभी होती.

"मैंने तो छुआ भी नहीं, सर," पिंकी म्हणाली. "अपने-आप गिरी है."

गोल शून्य-शून्य, आणि सामना संपायला चार मिनिटं. अशा वेळी बॉक्समध्ये कोणी पडलं की शामरावांच्या मनात आधी शंका यायची, आणि दया आलीच तर तिच्या मागून, दाराबाहेर चपला काढून. सव्वीस वर्षं शिट्टी फुंकून त्यांनी एक गोष्ट पक्की केली होती. पहिल्या अर्ध्या तासात खेळाडूला तुडवून काढा, तो उभाच असतो. शेवटच्या चार मिनिटांत नुसता वारा लागला तरी त्याच्याने उभं राहवत नाही.

आता खरं विचाराल तर शामरावांनी पाय पायाला लागलेला पाहिला नव्हता. मध्ये दोघीजणी आल्या होत्या. त्यांना दिसलं ते एवढंच: रुचा धावता धावता हवेत गेली, दाणकन खाली आली, मान वळवून सरळ त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई गं."

इथेच पाणी मुरत होतं. रुचा म्हणजे फौजेतल्या सुभेदार जयसिंग निकमांची मुलगी. घर साताऱ्याकडचं, पण पोरीचा जन्म जम्मूचा आणि शाळा तीन छावण्यांमधल्या. लखनौच्या गोमती रविवार लीगमध्ये ती तीन वर्षं खेळत होती. शामराव तिला दर वेळी मायेनं विचारत, "काय गं, बरी आहेस ना?" आणि ती दर वेळी म्हणे, "बढ़िया, अंकल." तीन वर्षांत हिच्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकू आला नव्हता. आणि आज चार मिनिटं उरलेली असताना, मराठी रेफ्रीसमोर, बाईसाहेबांना आई आठवली. बरी वेळेवर आठवली.

शिवाय तिनं पाहिलं कुठे? रेफ्रीकडे. शामराव नव्या रेफ्रींना शिकवताना नेहमी सांगत की खरा पडलेला जमिनीकडे बघतो आणि खोटा पडलेला रेफ्रीकडे. रुचानं रेफ्रीकडे पाहिलं होतं, तेही मराठीत.

त्यांनी खिशातून पिवळं कार्ड काढलं आणि रुचाच्या डोक्यावर धरलं. तिनं वर पाहिलं. ओठ आवळले. दोघींनी तिला खांदा देऊन बाहेर नेलं आणि उरलेली चार मिनिटं शून्य-शून्यच गेली.

सामना झाल्यावर शामराव नेहमीसारखे आपल्या स्कूटरला टेकले आणि वही उघडली. या वहीची लीगमध्ये मोठी ख्याती. प्रत्येक पानावर मधोमध रेघ, डावीकडे मथळा 'पडला', उजवीकडे 'पाडला'. हिंदीत हा फरक सांगायला चांगले दोन-तीन शब्द खर्चावे लागतात. मराठीत एका कान्यात काम होतं. सव्वीस वर्षांत डावी बाजू भरून वाहत होती आणि उजवीकडे भरपूर कोरा कागद शिल्लक होता. त्यांनी डाव्या बाजूला तारीख घातली आणि लिहिलं: 'रुचा निकम. पडली.'

हा माणूस असा जन्मतः नव्हता बरं का. भंडाऱ्याहून लखनौला सरकारी नोकरीवर आला तेव्हा चांगला भोळा होता. रेफ्री झाला त्या पहिल्याच वर्षी एक धिप्पाड खेळाडू बॉक्समध्ये पडून असा तडफडला, की शामरावांनी पेनल्टी तर दिलीच, वर स्वतःची पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली. अर्ध्या तासानं तोच गडी जिंकलेल्या संघाच्या खांद्यावर नाचत होता, आणि खाली उभ्या शामरावांकडे बघून ओरडत होता, "जियो, भोले मास्टर." सगळं मैदान हसलं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. शामराव त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायला लागले.

त्यात ऑफिसानं भर घातली. वीस वर्षं ते आजारपणाच्या रजांच्या टेबलावर होते. कावीळ, कंबर, चक्कर, सगळी प्रमाणपत्रं त्यांच्याच हाताखालून जायची. मेव्हण्याच्या लग्नाच्या तारखांना बरोबर कोणाची कंबर धरते, हे त्यांना पत्रिका न बघता कळायचं. लोक त्यांना साहेबांपेक्षा जास्त भीत. घरी कोणाला ताप आला तरी ते थर्मामीटर झटकून दुसऱ्यांदा लावायला सांगत.

दोन वर्षांपूर्वी लीगच्या सभेत त्यांनी स्वतःचा कायदा मंजूर करून घेतला होता. पेनल्टीसाठी खोटं पडणाऱ्याला नुसतं पिवळं कार्ड दाखवणं म्हणजे चोराला चहा पाजून सोडण्यासारखं आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. कार्डाची लाज कोणाला वाटते? शिक्षा अशी हवी की पुन्हा पडताना गुडघ्यांनी विचार केला पाहिजे. म्हणून कायदा असा: रेफ्रीनं रिपोर्टात 'स्वयं गिरा' लिहिलं की खेळाडू पूर्ण मोसम बाहेर. आणि पुढच्या रविवारी दोन्ही संघांसमोर, पेनल्टीच्या ठिपक्यावर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, "मैं गिरा नहीं था, लेटा था." दिलेला रिपोर्ट बदलायचा नाही, नाहीतर रेफ्रीच्या दारात रांगा लागतील.

लीगचे सचिव चंद्रशेखर बाजपेयी, शाळेतले खेळाचे मास्तर, मिश्कील माणूस. त्यांनी सभेत विचारलं होतं, "और गजभिये साहब, ग़लती आपसे हो गई तो?"

"तो मैं भी उसी जगह खड़ा होकर बोलूँगा," शामराव म्हणाले होते. "रिपोर्ट रद्द, और सीटी वहीं जमा कर दूँगा, हमेशा के लिए. लिख लीजिए."

बाजपेयींनी लिहून घेतलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

*

त्याच संध्याकाळी शामरावांच्या जानकीपुरमच्या घरी दाराची बेल वाजली. दारात जयसिंग निकम, कडक इस्त्रीचा शर्ट, एका हातात एक्स-रेचं मोठं पाकीट, दुसऱ्या हातात खोका.

एक्स-रे बघूनच शामरावांनी मनात टेबल मांडलं. ज्याच्याकडे पुरावा तयार असतो त्यानं तयारी केलेली असते.

"बसा, निकमसाहेब."

जयसिंग बसले. भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे एकदा पाहिलं, मग खोका पुढे सरकवला. "गावाकडनं कंदी पेढे आलेत. वहिनींना द्या."

"हे परत न्या," शामराव म्हणाले.

"अहो, मोकळ्या हातानं कुणाच्या घरी जायचं कसं?"

"आज न्या. रिपोर्ट गेला की मग आणा, खाईन."

जयसिंगांचा चेहरा लाल झाला. त्यांनी खोका उचलून खुर्चीखाली, स्वतःच्या पायांशी ठेवला. स्वयंपाकघरातून शैलाताई चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी हे पाहिलं आणि नवऱ्याकडे अशी नजर टाकली की कप बशीत वाजला.

"साहेब, मी काय सांगतो ते ऐका," जयसिंग म्हणाले. "पोरीचा घोटा भोपळ्यागत सुजलाय. हा एक्स-रे बघा."

शामरावांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला. आधी कोपऱ्यातली तारीख पाहिली, मग नाव, मग हाड. "हाड तर शाबूत आहे."

"शाबूत आहे म्हणून तर आलोय. डॉक्टर म्हणत्यात पंधरा दिवसांत पळंल. राज्याच्या शिबिराला महिना आहे. लीगची यादी पुढच्या सोमवारी जाणार, तिच्यात रुचाचं नाव पहिलं आहे. तुम्ही 'स्वतः पडली' लिहिलं की नाव कटलं. आणि पुढच्या वर्षी वयात बसत नाही ती. हे एकच वर्ष आहे साहेब तिच्याकडं."

"सूज काय, नुसतं पडल्यानंही येते."

"येती की. पण ती पडली नाही, तिला पाडली."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी ड्युटीवर होतो."

"मग?"

"मग काय," जयसिंग म्हणाले, "ती म्हणाली. माझी पोरगी आहे, मला ठाऊक आहे ती."

शामरावांनी एक्स-रे पाकिटात घातला आणि परत दिला. वीस वर्षं प्रत्येक प्रमाणपत्राच्या मागे असा एक ठाऊक असलेला बाप, नवरा, भाऊ उभा असायचा. "निकमसाहेब, एक विचारू? रुचा घरी मराठी बोलते?"

जयसिंग गोंधळले. "कुठली बोलतीय. आम्ही मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देती. का हो?"

"काही नाही," शामराव म्हणाले. त्यांना हवं ते उत्तर मिळालं होतं.

जयसिंग उठले. चहा तसाच राहिला होता. दारात वळून म्हणाले, "मराठी माणूस आहात म्हणून आलो नव्हतो. तुम्ही खरे आहात असं सगळे म्हणत्यात, म्हणून आलो होतो." खोका मात्र आठवणीनं परत नेला.

शैलाताईंनी दार लावलं. "पेढे काऊन परत केले जी? तो मानूस घरी आला होता आपल्या."

"तुले नाही समजत. त्याच्यात कुठंतरी पाणी मुरून राहिलं."

"तुमच्यात मुरून राहिलं ते. पोरीचा पाय सुजला म्हन्ते बाप, अन् हे तारीख पाहून राहिले." त्यांनी न प्यालेला कप उचलला. "मागच्या साली माहा गुडघा धरला होता, तवा बी तुम्ही पायलं होतं, की पाहुणे येनार हायेत का म्हणून."

शामरावांनी पाहिलं होतं खरं.

*

सोमवारी दुपारी त्यांनी अर्ध्या तासाची सुट्टी घेऊन बाजपेयींच्या शाळेत रिपोर्ट नेऊन दिला. 'खिलाड़ी स्वयं गिरी.' सही, तारीख. बाजपेयींनी वाचलं आणि चष्म्यावरून पाहिलं.

"निकम वाली लड़की? अच्छा खेलती है, यार."

"अच्छा खेलने वाले ही अच्छा गिरते हैं," शामराव म्हणाले. हे वाक्य त्यांना स्वतःलाच आवडलं, आणि घरी येईपर्यंत ते स्कूटरवर मनात पुन्हा पुन्हा म्हणत होते.

संध्याकाळी सहाला सानिका अमौसीहून आली. शामरावांची एकुलती मुलगी, विमानतळावर एका कंपनीच्या काउंटरला होती. दिवसभर हिंदी आणि इंग्रजीत गोड बोलून आली, की घरी आल्यावर गोड संपलेलं असायचं आणि नुसती हिंदी उरायची. शैलाताई शेजारच्या लतिकाकडे गेल्या होत्या. शामराव पलंगावर पेपर वाचत होते आणि सानिका लोखंडी कपाट उघडून ओढणी शोधत होती.

"पापा, मेरी नीली वाली चुन्नी मम्मी ने कहाँ रख दी?"

"तिथेच असेल. बघ नीट."

"देख तो रही हूँ."

ते कपाट जुनं. त्याचं दार थोडं अडे आणि मग एकदम सुटे. सानिकानं ते बंद करायला पाठीनं ढकललं, ते सुटलं आणि तिची दोन बोटं त्यात सापडली.

"माय गं."

तोंडातून एवढंच आलं. बोटं छातीशी धरून ती खाली बसली, मान वळवली आणि सरळ शामरावांकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी गोळा झालं होतं.

शामरावांच्या हातातला पेपर तसाच राहिला.

"पापा, देख क्या रहे हो? बर्फ़ लाओ."

"तू काय म्हणालीस?"

"बर्फ़."

"त्याच्या आधी."

"मुझे क्या पता क्या बोली. दर्द हो रहा है, यार."

"माझ्याकडे कशाला पाहिलंस?"

सानिका रडता रडता चिडली. "और किसको देखती? दीवार को? आप ही तो हो यहाँ."

शामराव उठले. फ्रीज उघडून बर्फाचा साचा काढला, बेसिनवर आपटला, तुकडे रुमालात बांधले. हे सगळं हात आपोआप करत होते. कानात मात्र दोन आवाज शेजारी शेजारी उभे होते, एक कालचा आणि एक आत्ताचा. 'माय गं' हा तर शैलाच्या आईचा शब्द. सानिकानं तो कधी उच्चारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. आजी गेली तेव्हा ती सहा वर्षांची होती. कुठे राहिला होता तो इतकी वर्षं? आणि या पोरीला आता कोणती पेनल्टी हवी होती?

बर्फ धरून ते मुलीजवळ जमिनीवर बसले. तिची बोटं हातात घेतली. जांभळी पडत होती. दुखतंय का असं विचारायची गरज नव्हती, आणि त्यांनी विचारलं नाही.

मग एकेक आठवायला लागलं. रुचा ज्या बाजूला कोसळली त्या बाजूला ते एकटेच उभे होते. तिनं बघायचं तरी कुणाकडे? आणि पिंकीचे हात. शामराव तिच्याकडे वळले, तेव्हा ते आधीच वर गेलेले होते. कोणी काही विचारायच्या आधी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते समोर लख्ख पडलेलं होतं, आणि चोर पकडण्यात हयात घालवलेला हा माणूस 'आई गं'चं व्याकरण तपासत बसला होता.

त्यांना लाज वाटली. अशी लाज की मुलीकडे बघवेना. सव्वीस वर्षांची ती सगळी डावी बाजू एकदम डोळ्यांपुढून गेली, आणि त्यातले किती खरोखर पडलेले होते, हे आता त्यांना सांगता येईना.

सानिकाची बोटं बांधून झाल्यावर त्यांनी वही काढली. 'रुचा निकम. पडली.' त्यांनी पेन उघडलं आणि 'प'च्या पुढे एक काना दिला. जागा कमी होती. काना बारीक आणि वाकडा आला, पण वाचता येत होता.

*

"आपने देखा, गिराते हुए?" मंगळवारी बाजपेयींनी विचारलं.

"नहीं."

"तो फिर?"

"सुना था."

"अमाँ, क्या सुना था?"

शामरावांनी सांगायचा प्रयत्न केला. आई, माय, कपाट, बोटं. हिंदीत ते सगळं फार येडपटासारखं वाटत होतं. बाजपेयींनी पूर्ण ऐकून घेतलं, मग खिडकी लावून घेतली, बाहेर मुलांची कवायत चालू होती.

"गजभिये साहब, आप समझ रहे हैं लोग क्या कहेंगे? लड़की मराठी, रेफ्री मराठी, बाप घर आया था. मलिहाबाद वाले तो कहेंगे ही, अपने वाले भी कहेंगे."

शामरावांना हसू आलं. लखनौतल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमाला ते वर्षातून एकदा जात. तिथे गोड बोलणं व्हायचं, मग कोणीतरी आडनाव विचारायचं, आणि आडनाव सांगून झालं की शेजारची खुर्ची बोटभर पलीकडे सरकायची. तीस वर्षं त्यांनी त्या खुर्च्या सरकताना पाहिल्या होत्या. आणि इथे मैदानात ते एकदम निकमांचे सख्खे होणार होते.

"कहने दीजिए," ते म्हणाले. "रिपोर्ट वापस दे दीजिए."

"रिपोर्ट वापस नहीं होती. क़ायदा आपका है." बाजपेयींनी कपाटातून सभेची जुनी वही काढली, पान उघडलं आणि त्यांच्याकडे फिरवलं. "एक ही रास्ता लिखा है. वो भी आपका ही है."

शामरावांना वाचायची गरज नव्हती. टाळ्यासुद्धा आठवत होत्या. हात दाखवून अवलक्षण यालाच म्हणतात.

"रहने दीजिए," बाजपेयी हळूच म्हणाले. "दो साल में आप ऑफिस से रिटायर हो जाएँगे. इतवार को क्या करेंगे? घर बैठेंगे? एक लड़की का एक साल ही तो है."

हा प्रश्न शामरावांना बरोबर वर्मी लागला. ऑफिसात त्यांना कोणी आवडीनं बोलावत नसे. घरी दोघी आपल्या कामात. आठवड्यातली नव्वद मिनिटं अशी होती की बावीस माणसं त्यांच्या एका फुंकरीनं थांबत, आणि तेवढ्यासाठी ते शनिवारी रात्री बूट पॉलिश करून झोपत. ते गेलं तर खरंच काय करायचं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"उसके पास दूसरा साल नहीं है," ते म्हणाले. "इतवार को आता हूँ."

शैलाताईंना त्यांनी बुधवारी सांगितलं, भाजी निवडताना. त्या बराच वेळ मेथी खुडत राहिल्या.

"शिट्टी देऊन टाकसान?"

"हो."

"बूट ठेवा," त्या म्हणाल्या. "बाजारात जाले होतीन."

*

रविवारी ऊन चांगलं होतं. मैदानाकडेनं नेहमीपेक्षा जास्त माणसं उभी होती. बातमी फुटली होती. मलिहाबादच्या मुली एका रांगेत, रुचाच्या जानकीपुरम संघाच्या दुसऱ्या रांगेत. शामरावांच्या जागी सुजय आला होता, त्यांनीच शिकवून तयार केलेला रेफ्री. तो त्यांच्या नजरेला नजर देत नव्हता.

पॉलिश केलेले बूट घालून शामराव पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत चालत गेले. चुन्याचा ठिपका ताजा होता. आजवर या जागी त्यांनी सहा जणांना उभं केलं होतं. जागा इतकी उघडी आहे हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

"पिछले इतवार," त्यांनी मोठ्यानं सुरुवात केली, "रुचा निकम यहाँ गिरी नहीं थी. गिराई गई थी. मैंने देखा नहीं, और झूठ मान लिया. ग़लती मेरी है."

कडेच्या माणसांतून कोणीतरी आरामात म्हणालं, "नाटक." दुसरा म्हणाला, "अपनी वाली है न, भाई." चारजण हसले.

शामरावांना बोलावंसं वाटलं. हे खरं आहे, आईशप्पथ खरं आहे, असं काहीतरी ओरडून सांगावंसं वाटलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण सुजयकडे बघतोय. मान वळवून, सरळ रेफ्रीकडे. त्याच्याशिवाय बघायला तिथे कोणी नव्हतं.

मलिहाबादच्या रांगेत पिंकी वाकून बुटाची नाडी बांधत होती. नाडी बांधलेलीच होती. तिनं ती सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली.

शामरावांनी गळ्यातली शिट्टी काढली. काळी दोरी मानेपाशी घामानं पांढरी पडली होती. ती त्यांनी सुजयच्या हातावर ठेवली. सुजयनं ती खिशात टाकली, घड्याळ पाहिलं, आणि स्वतःची शिट्टी तोंडाला लावली. सामना सुरू झाला. मागे चेंडूला पहिली लाथ बसल्याचा आवाज आला आणि शामरावांची मान सवयीनं वळली, पण त्यांनी ती सरळ केली आणि ते रेषेबाहेर आले.

बाहेर आल्यावर कुठे उभं राहावं हे त्यांना कळेना. सव्वीस वर्षांत त्यांनी या रेषेबाहेर उभं राहून सामना पाहिला नव्हता. बाजपेयी यादीवर मान घालून बसले होते. त्यांनी एका नावापुढची फुली खोडली आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

जांभळाच्या झाडाखाली एकच बाक होता. त्यावर रुचा बसली होती, उजवा पाय पट्टीत बांधून समोरच्या दगडावर ठेवलेला. शेजारी जयसिंग उभे होते. त्यांनी शामरावांकडे पाहून मान हलवली, फौजेतली माणसं हलवतात तशी.

रुचानं दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलला, दगडावरून खाली ठेवला आणि बाकावर कष्टानं पलीकडे सरकली. सरकताना दुखलं असावं, तिनं ओठ आवळले. मोकळ्या झालेल्या जागेवर तिनं हात ठेवला.

"काका," ती म्हणाली. शब्द जुळवायला तिला थोडा वेळ लागला. "बसा."

शामरावांना कळलं की हे मराठी तिनं मुद्दाम, त्यांच्यासाठी म्हणून काढलंय. या वेळी त्यात शंकेला जागाच नव्हती. ते बसले.